माझ्या विळीवरच्या तीन रेघा

आज स्वयंपाकघरातल्या एका वस्तूचा इतिहास सांगायचा आहे. इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि किल्ले येतात. मी बी.ए.ला इतिहासच घेतला होता. तीन वर्षांत विळीचं नाव एकदाही आलं नाही.

आमच्या घरातली विळी सासूबाईंच्या नव्या संसारातली. पाट बाभळीचा, पातं हाताएवढं लांब. कोकणातल्या विळीला टोकाशी नारळ खवायची खवणी असते, तशी हिला नाही. आपल्याकडे नारळ फोडायचा देवापुढे, खवायचा कशाला? घासून घासून पातं निम्मं झिजलंय, पण अजून मेथीची जुडी एका ओढीत कापतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, रोज दोन वेळा या विळीपुढे बसते. तरी गेल्या हिवाळ्यात पाट तडकला आणि सुतारानं पातं उपसून माझ्या हातात दिलं, तेव्हा पहिल्यांदा दिसलं की पाटात शिरणाऱ्या भागावर छिन्नीनं मारलेल्या तीन आडव्या रेघा आहेत. दोन लांब, मधली आखूड.

सासूबाईंना विचारलं, "आत्या, या रेघा कशाच्या?"

"घिसाड्याच्या असत्याल."

"कोणता घिसाडी?"

"कोणता म्हंजी? घिसाडी."

पन्नास वर्षं ज्या पात्यावर या घरातल्या प्रत्येकाची भाजी कापली गेली, ते करणाऱ्याचं नाव एवढंच. मग त्या म्हणाल्या, बहात्तरच्या दुष्काळानंतर पहिल्यांदा बाजरी घरात आली, त्या साली मढीच्या यात्रेच्या आधी गावाबाहेर पालं पडली होती. दोन पायल्या बाजरी देऊन विळी घेतली. दुष्काळात साऱ्या गावाच्या बायांनी सरकारी कामावर खडी फोडली होती. सासूबाईंचे तळहात तेव्हाचे आहेत. "हातोडा काय असतो ते आमाला नका सांगू," असं त्या अजून म्हणतात.

गावात लोहार नव्हता का? होता. तो बारा बलुतेदारांतला. नांगराचा फाळ, कुळवाची फास, कुऱ्हाड, बैलगाडीच्या चाकाची धाव ही कामं तो वर्षभर करायचा आणि सुगीला खळ्यावरून त्याचं बलुतं जायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली 'गावगाडा' नावाचं पुस्तक लिहिलं. आपली जुनी गावं कशी चालत होती हे समजून घ्यायला आजही तेच पुस्तक उघडतात. त्यात बलुतेदार आहेत आणि गावोगाव फिरणारे फिरस्तेही आहेत. मात्र फिरस्त्यांबद्दल लिहिताना लेखकाची लेखणी जरा कडकच होते. गावाला त्यांचा भार होतो, असा सूर आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या शिकलेल्या माणसाची ती नजर.

पण बाईच्या बाजूनं बघा. लोहारसाळेत पहिला मान नांगराला. पेरणी तोंडावर आली की फाळ आणि फास आधी, खुरपं आणि विळी मागे. सासूबाई सांगतात, लोहाराकडे खुरपं टाकलं की चार खेपा ठरलेल्या. घिसाडी मात्र पाल टाकायचे आणि त्यांच्या बाया दारोदार फिरून खुरपी, विळ्या, उलथनी, झारे विकायच्या. घासाघीस व्हायची ती बाईची बाईशी. आपल्या हातातली बहुतेक हत्यारं अशी दारावर आलेली आहेत.

तर मी ते पातं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि फाल्गुनात मढीला गेले. देवाच्या यात्रेला पिशवीत पातं घेऊन जाणारी मी एकटीच असेन! पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची समाधी आहे हे तुम्हाला माहीत आहे. होळीपासून पाडव्यापर्यंत यात्रा, गाढवांचा मोठा बाजार, आणि महाराष्ट्रभरातून येणाऱ्या भटक्या जमाती. म्हणून तर तिला भटक्यांची पंढरी म्हणतात. पूर्वी त्यांच्या जातपंचायती इथेच बसायच्या. वर्षभर विखुरलेली माणसं कुठे भेटतील, तर मढीला. असा माझा हिशेब.

हिशेब लगेच जुळला नाही. तीन पालांवर विचारलं. एकानं सांगितलं खूण त्याच्या पाहुण्यांची, दुसऱ्यानं सांगितलं तिकडे बीड बाजूच्यांची. मढीत काही हाती लागलं नाही. परत येताना तिसगावजवळ रस्त्याच्या कडेला एक पाल दिसलं, म्हणून उतरले. तिथे एक म्हातारी बसली होती. सत्तरीच्या पुढची असेल. नाव मी इथे सांगत नाही, तिनंच नको म्हटलं. तिनं पातं घेतलं, आधी रेघा बघितल्याच नाहीत. ऐरणीवर टिचकी मारल्यासारखं आपटलं, आवाज ऐकला. पाठ अंगठ्यानं चाचपली. "ट्रकच्या पाट्याचं हाय," म्हणाली. मग उलटं करून रेघा बघितल्या आणि गप्प बसली.

"खूण आमच्या घरची हाय. सासऱ्याची."

"मग हे त्यांनी केलं?"

"त्यानी धरलं. ठोकलं म्या."

मैत्रिणींनो, हे दोन शब्द कळायला मला त्या पालावर तासभर बसावं लागलं. तिचा मुलगा आणि सून तेव्हा कोयते करत होते, ते समोर बघितलं म्हणून कळलं. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा. पूर्वी कातड्याचा भाता होता, आता हातानं फिरवायचा लोखंडी पंखा. तो पंखा दहा-बारा वर्षांची नात फिरवत होती. (शाळेचं विचारलं, तर यात्रेपुरती सुट्टी घेतली म्हणाली. यात्रा संपायला आली होती. त्याबद्दल वेगळं बोलू.) लोखंड लाल, मग नारिंगी झालं की मुलगा सांडशीनं उचलून ऐरणीवर धरतो. त्याच्या दुसऱ्या हातात लहान हातोडा. तो नुसता एका जागी ठिण्ण करतो. ती खूण असते, घाव इथे घाल. त्याच जागी सुनेचा घण पडतो. पाच किलोच्या पुढचा घण, डोक्यावरून फिरून येणारा. ठिण्ण, धाड. ठिण्ण, धाड. पोलादाला आकार येतो तो तिच्या घावानं. तो धरतो, फिरवतो, दाखवतो. हेही कौशल्याचंच काम आहे, ते मी कमी लेखत नाही. पण घाव चुकला तर त्याचं मनगट जाईल, आणि तिचा घाव चुकत नाही. त्याला काय म्हणायचं?

नंतर पाणी देणं. हे मात्र म्हातारी स्वतः उठून करत होती. पात्याची फक्त धारेकडची कड लाल करायची आणि पाण्यात बुडवायची. तेवढ्यानं पातं काचेसारखं कडक होतं, आणि काचेसारखंच फुटतं. म्हणून लगेच बाहेर काढून पाठीतली ऊब धारेकडे उतरू द्यायची. घासून चकचकीत केलेल्या कडेवर रंग सरकताना दिसतो. गव्हाच्या काडासारखा पिवळट रंग धारेपाशी आला की परत पाण्यात. आधी बुडवलं तर धारेचे तुकडे पडतात, उशीर झाला तर धार मऊ राहून वळते. हे सगळं चालतं तेवढ्या श्वासभरात. तिला दिसायला कमी आलंय, तरी तो रंग दिसतो.

लोखंडात कोळशाचा अंश असेल तरच ते पाण्यानं कडक होतं. गाडीच्या पाट्यात तो असतो, बांधकामाच्या साध्या सळईत पुरेसा नसतो. म्हणून बाजारात हातची विळी किंवा कोयता घेताना टांगून नखानं वाजवून बघा. पाट्याचं पातं घंटेसारखं वाजतं, सळईचं बद्द वाजतं. हे मला म्हातारीनं फुकट शिकवलं, मी तुम्हाला फुकट सांगते.

मग मी विचारलं, ठोकलं तुम्ही, तर खूण सासऱ्यांची कशी? ती हसली. "खूण सांडशी धरणाऱ्याची आसती." खूण कशासाठी, तर गिऱ्हाईक पुढच्या साली शेवटायला परत आलं की आपला माल ओळखू यावा. विळी घडली तेव्हा ती नवी सून होती, पाठीशी तान्हं पोर होतं. हीच विळी तिनं ठोकली का, हे तिला आठवत नाही, आणि आठवणार तरी कसं? तशा हजारो ठोकल्या. पण त्या वर्षात त्या पालावर घण मारणारी दुसरी कुणी नव्हती. सासू आजारी होती.

परवा तालुक्याच्या बैठकीसाठी नगरला गेले होते. रिक्षा भुईकोट किल्ल्यावरून गेली आणि मला कॉलेजात वाचलेली मुलुखमैदान तोफ आठवली. ती आज विजापूरच्या तटावर आहे, पण ओतली गेली आपल्या नगरला, 1549 साली, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात. चौदा फुटांच्या वर लांब, वजन पन्नास टनांच्या पुढे. तोंडाला सिंहाचा जबडा आणि त्यात सापडलेला हत्ती. त्या तोफेवर ओतणाऱ्या कारागिराचं नाव कोरलेलं आहे, महंमद रूमी. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा. निजामशहाचं नाव आहे. पुढे 1686 साली औरंगजेबानं विजापूर घेतलं, तेव्हा त्यानं आपलंही नाव त्यावर घातलं. करणाऱ्याचं, करवून घेणाऱ्याचं आणि जिंकणाऱ्याचं, अशी तीन नावं एका तोफेवर आहेत. तोफेला डोंगराएवढी भट्टी लागली असेल. कोळसा किती जणींनी वाहिला, भाते कुणी ओढले, ते तोफेवर नाही. तरी महंमद रूमी नशीबवान. त्या काळात कारागिराचं नाव राहणं ही मोठीच गोष्ट होती.

त्याच्याही आधीची पाती आपल्या जिल्ह्यात सापडली आहेत. संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याला 1950-51 मध्ये हसमुख सांकळिया यांनी उत्खनन केलं. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी निघाल्या, आणि तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या लोकांच्या संस्कृतीला देशभर 'जोर्वे संस्कृती' असं नाव पडलं. गावाचं नाव झालं, कुऱ्हाड करणाऱ्याचं अर्थातच नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्याचं काय घेऊन बसलात म्हणाल. माझं म्हणणं तेच आहे. पन्नास वर्षांपूर्वीची बाई तिसगावला रस्त्याच्या कडेला जिवंत बसली होती, आणि आमच्या घरात तिच्याबद्दल जोर्व्याच्या कारागिराइतकीच माहिती होती.

घिसाडी आपलं मूळ राजस्थान-गुजरातकडे सांगतात. त्यांच्या घरच्या बोलीला तारीमुकी असंही म्हणतात. ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं शंभर वर्षांपूर्वी भारतातल्या भाषांची पाहणी केली, तिच्यात ही बोली गुजरातीच्या जवळची म्हणून नोंदली आहे. राजस्थानातल्या गाडोलिया लोहारांची कथा तर प्रसिद्ध आहे. 1568 साली चितोड पडलं तेव्हा किल्ला परत मिळेपर्यंत घरात राहायचं नाही, अशी शपथ त्यांनी घेतली म्हणतात. 1955 साली पंडित नेहरूंनी त्यांना समारंभानं चितोडच्या किल्ल्यात नेलं आणि शपथ सुटली असं जाहीर झालं. शपथ सुटली, घरं सगळ्यांना मिळाली नाहीत. आपल्याकडचे घिसाडी भटक्या जमातींच्या यादीत आहेत. तिसगावच्या म्हातारीला चितोडचं विचारलं तर म्हणाली, "आमचं गाव म्हंजी जिथं पाल तिथं."

त्या दिवशी पालावर विळ्या नव्हत्याच, सगळे कोयते होते. का, तर विळीला गिऱ्हाईक नाही. किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगराचा कारखाना काढला, तेव्हापासून गावच्या लोहाराचं काम हळूहळू गिरणी-कारखान्यांकडे गेलं. (त्याच किर्लोस्करवाडीतून 1930 साली 'स्त्री' मासिक निघालं. आपल्या आज्या-पणज्यांपैकी ज्यांना अक्षर येत होतं त्यांनी ते वाचलं असेल. नांगराच्या कारखान्यातून बायकांचं मासिक, हे मला फार आवडतं.) आता तर स्टीलच्या सुऱ्या तीस रुपयांना मिळतात. आमच्याच एका गटानं लग्नाच्या जेवणाची ऑर्डर घेतली तेव्हा डझनभर तशाच सुऱ्या घेतल्या. दोन कार्यांत बोथट झाल्या, आणि त्यांना शेवटायचं म्हटलं तर पातं पत्र्यासारखं.

कोयता मात्र टिकला, कारण ऊस टिकला. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. पुढे जिल्ह्यात कारखाने वाढत गेले. एकाच जिल्ह्यात एकीकडे ऊस पिकवणारे आणि दुसरीकडे पाथर्डी-शेवगावकडून दिवाळीनंतर तोडीला जाणारे. तुमच्यातल्या कितीतरी जणी गेल्या आहेत, मी काय सांगणार. पण एक शब्द बघा. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला मिळते आणि बहुतेक वेळा ती नवऱ्याच्या हातात पडते. बाई एकटी असेल तर अर्धा कोयता. तोडते ती, मोळी बांधते ती, डोक्यावरून ट्रॉलीत चढवते ती, आणि मोजायला एका पात्यात अर्धी.

आता हे पातं ठोकलं कुणी ते आपल्याला कळलं. तिथेही नवरा-बायको मिळून एक खूण.

ही गोष्ट एवढ्यावर सोडली असती तर आठवण म्हणून ठीक होतं. पण आता एक अर्ज आहे. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. अठरा प्रकारच्या कारागिरांसाठी आहे, त्यात लोहार आहेत. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र, पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण आणि त्या दिवसांचे रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपये, आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाखांपर्यंत कर्ज. चांगली योजना आहे. त्या पालावरच्या मुलाला आणि सुनेला मी ती समजावून सांगितली. विजेवरचा पंखा घेतला तर नात मोकळी होईल, हे आजीच्या लगेच ध्यानात आलं.

पण नियम असा की एका कुटुंबातून एकच जण. नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं, हे धरून एक कुटुंब. म्हणजे अर्जावर एकच नाव येणार. कारागीर कोण?

मुलगा म्हणाला, "मीच की. लोहार मी." सून काही बोलली नाही, घण पायाशी टेकवून उभी राहिली. मुलाची बाजू अगदी खोटी नाही. माल घेणं, भाव करणं, सांडशी, सगळं तो बघतो. मी समन्वयक म्हणून कुणाच्या घरात भांडण लावायला गेले नव्हते. पण एवढं विचारलं, की ही आजारी पडली तर कोयते होतात का? म्हणाला, भाऊ आला तर होतात. आणि तू आजारी पडलास तर? यावर म्हातारीच बोलली. तिचा नवरा दोन महिने अंथरुणाला होता, तेव्हा तिनं सांडशी धरली आणि पोराला, म्हणजे याच मुलाला, बारा वर्षांचा असताना घण दिला होता. मुलाला ते आठवत होतं. तो हसला, थोडा लाजलाही.

अजून अर्ज भरलेला नाही. सुनेच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडलाय, तो आधी बदलावा लागेल. सामायिक सुविधा केंद्रात दोघांनी मिळून यायचं ठरलंय, आणि नाव तिथेच सांगणार म्हणाले. ते तोडीच्या गावांकडे जायच्या आत हे व्हायला हवं. तुमच्या गावाबाहेर असं पाल पडलं असेल तर तुम्हीही जाऊन विचारा, पण अर्जाचं बोलताना दोघांनाही समोर बसवा. एकट्या पुरुषाशी बोललात तर एकट्याचंच नाव येईल, कुणाची लबाडी नसतानाही.

निघताना पातं शेवटून मागितलं. सुनेनं घण घेतला नाही, झिजलेल्या पात्याला तो सोसला नसता. लहान हातोडीनं कड काढली, म्हातारीनं पाणी दिलं. साठ रुपये झाले. मी शंभराची नोट दिली, तर चाळीस मोजून परत केले.

घरी नव्या पाटात पातं बसवलं. सासूबाईंना सगळं सांगितलं, त्या ऐकत होत्या की नाही कळेना. विळीपुढे बसल्या, एक वांगं घेतलं आणि देठाकडून धारेवर टेकवलं. जोर लावायची गरज पडली नाही. मग म्हणाल्या, "तिला इचारलं का, त्या साली बाजरी दोन पायल्या दिली का अडीच? मी अर्धी पायली वर दिली व्हती. पोर रडत व्हतं तिचं."

विचारलं नव्हतं. आता अर्जाच्या वेळी भेट होईल तेव्हा विचारीन.